दोन वर्षांचा घोडा, दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि माझी बँकॉक ट्रिप



मागच्या आठवड्यातल्या 'कंपनीच्या स्कीमचं गणित' या व्हिडिओखाली तुम्ही भरपूर प्रश्न विचारलेत. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "सर, स्लॅब पूर्ण व्हायला थोडंच राहिलंय, माल उचलू का?"

याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण नुसतं "उचलू नका" म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, कारण मीही ऐकलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला जरा लांब घेऊन जातो, अमेरिकेत आणि कॅनडात. विषय आहे घोड्यांची शर्यत.

आपला एक सबस्क्रायबर कऱ्हाडचाच, सध्या कॅनडात टोरोंटोजवळ राहतो. त्याच्या घरापासून थोड्या अंतरावर मोहॉक नावाचा रेसट्रॅक आहे. तिथला एक व्हिडिओ त्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, ही तर आपली छकडा शर्यत!" व्हिडिओत घोडा होता आणि मागे दोन चाकांची हलकी गाडी. गाडीत एक माणूस जवळजवळ आडवा बसलेला, हातात लगाम. मी म्हटलं, बघू तरी काय भानगड आहे. आणि मग दोन महिने मी तेच वाचत बसलो. बायको म्हणाली, "आता घोडा घेताय की काय?"

घोडा नाही घेतला. पण माझ्या एका जुन्या चुकीचा हिशोब मात्र नीट लागला.

आधी खेळ समजून घ्या

आपल्याला घोड्यांची शर्यत म्हटलं की मुंबईचं महालक्ष्मी आठवतं. पाठीवर जॉकी आणि घोडा चौखूर उधळलेला. हार्नेस रेसिंग वेगळं. इथे घोडा गाडी ओढतो. त्या गाडीला म्हणतात सल्की, आणि चालवणाऱ्याला ड्रायव्हर. घोड्याची जात आहे स्टँडर्डब्रेड. शर्यत बहुतेक वेळा एक मैलाची, म्हणजे साधारण सोळाशे मीटर.

यातली मोठी अट अशी की घोड्याने चौखूर धावायचं नाही. ठरलेली चालच ठेवायची. चाली दोन. एक म्हणजे ट्रॉट, आपली दुडकी: पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचलायचा. दुसरी म्हणजे पेस: एकाच बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही पाय एकदम. चाल मोडून घोडा उधळला, तर ड्रायव्हरने त्याला मागे खेचून पुन्हा चालीवर आणायचं, आणि तोवर बाकीचे पुढे निघून जातात.

म्हणजे नुसता वेग असून चालत नाही, चाल टिकवता आली पाहिजे. धंद्यात आहात, तर हे वाक्य एकदा परत वाचा.

सव्वाशे डॉलरची घोडी आणि शिंगरू

या सगळ्याच्या मुळाशी एक घोडा आहे. नाव हॅम्बल्टोनियन, जन्म १८४९, न्यूयॉर्क राज्यातला. विल्यम रिस्डिक नावाच्या शेतावर राबणाऱ्या एका माणसाने आपल्या मालकाकडून घोडी आणि तिचं शिंगरू असे दोन्ही मिळून १२५ डॉलरला विकत घेतले. त्या शिंगराची पुढे तेराशेच्या वर पिल्लं झाली. आज अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक स्टँडर्डब्रेड घोड्याची वंशावळ मागे मागे नेली, तर त्याच्यापर्यंत पोचते.

त्याच्या नावाने १९२६ साली सिरॅक्यूज इथे एक शर्यत सुरू झाली, हॅम्बल्टोनियन स्टेक्स. पहिल्याच वर्षी बक्षीस होतं ७३,४५१ डॉलर. तेव्हाच्या मानाने डोळे फिरवणारी रक्कम. आज ही शर्यत न्यू जर्सीच्या मेडोलँड्स ट्रॅकवर ऑगस्टमध्ये होते आणि बक्षीस दहा लाख डॉलरच्या घरात असतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी आहे. चार वर्षांचा घोडा कितीही वेगवान असला तरी त्याला प्रवेश नाही. आयुष्यात एकदाच संधी.

ही एकच शर्यत तशी नाही. 'लिटल ब्राउन जग' तीन वर्षांच्या घोड्यांची, 'केंटकी फ्युचुरिटी' तीन वर्षांच्या घोड्यांची. मेडोलँड्सवर 'वूड्रो विल्सन पेस' नावाची शर्यत व्हायची, ती तर दोन वर्षांच्या घोड्यांची. १९८४ साली तिचं बक्षीस होतं २१,६१,००० डॉलर. हार्नेस रेसिंगमध्ये तोवर कुठल्याच शर्यतीला एवढं बक्षीस नव्हतं. आणि ते ठेवलं होतं कुणापुढे? ज्यांचं अजून अंग पूर्ण भरलेलं नाही अशा घोड्यांपुढे. निहिलेटर नावाच्या घोड्याने ती जिंकली.

आपल्या सातारा-सांगली भागातल्या लोकांना हे पटकन कळेल. आपल्याकडेही मैदानात बैलांचं वय दातांवरून बघतात. आदत, दुसा, चौसा असे गट पडतात. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं खोंड. आता कल्पना करा, सगळ्यात मोठं बक्षीस ओपनला नाही, आदतला ठेवलंय. मग गोठ्यागोठ्यातून काय होईल? प्रत्येक जण खोंडालाच लवकर जुंपेल. कुणी सांगावं लागणार नाही.

लहान घोड्यांपुढेच एवढं बक्षीस का?

मलाही आधी वाटलं, हा वेडेपणा आहे. पण धंद्याच्या नजरेने बघितलं तर कारण सरळ आहे.

घोडीचं गाभणपण साधारण अकरा महिन्यांचं. शिंगरू जन्मलं की पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याचा लिलाव. मग त्याला साज चढवून शिकवायचं. रोज काही मैल संथ पळवायचं. हिवाळाभर हळूहळू वेळ कमी करत आणायचा. म्हणजे घोडी भरवल्यापासून पहिल्या शर्यतीपर्यंत तीन वर्षं. तीन वर्षं चारा, तबेला, नालबंद, डॉक्टर, ट्रेनर. सगळा खर्चच खर्च, उत्पन्न शून्य.

एवढं करून बक्षीस जर पाच-सहा वर्षांच्या घोड्यांनाच असेल, तर वर्षाचं शिंगरू कोण विकत घेणार? कुणीच नाही. म्हणून पैदास करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळावं यासाठी बक्षीस दोन आणि तीन वर्षांच्या वयात आणून ठेवलं. आता विकत घेणाऱ्याला वाटतं, पुढच्याच वर्षी पैसे सुटतील. लिलाव चालतो, तबेले चालतात.

लक्षात घ्या, बक्षीस कुठे ठेवायचं हे ठेवणारा स्वतःच्या गरजेने ठरवतो. त्यात वाईट काही नाही. पण ती तुमच्या घोड्याची गरज असेलच असं नाही.

वयाचा हिशोबही बघा. तिकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं आणि मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. शर्यतीत दोघं शेजारी उभी राहतात. एकाच्या पायाला चार महिने जास्त मिळालेत, दुसऱ्याच्या नाहीत. कागद हे बघत नाही.

दोन वर्षांच्या घोड्याला पळवणं चूकच, असंही मी म्हणत नाही. वाढत्या वयातला मोजका व्यायाम घोड्याची हाडं घट्ट करतो, हे पशुवैद्य सांगतात. पण गुडघ्याजवळची हाडं साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतात, पाठीचा कणा तर त्यानंतरही. मोजका व्यायाम वेगळा आणि बक्षिसाच्या तारखेसाठी लावलेला जोर वेगळा. चांगला ट्रेनर आणि घाईचा ट्रेनर यांच्यातला फरक एवढाच.

हप्त्यांचा खेळ, इथे थांबून वाचा

हे बक्षीस येतं कुठून? काही भाग ट्रॅककडून, पैजांच्या रकमेतून, काही सरकारी योजनांतून. पण स्टेक्स प्रकारच्या शर्यतींत मोठा वाटा घोड्यांच्या मालकांनीच भरलेला असतो.

पद्धत अशी. घोडा लहान असतानाच त्याचं नाव नोंदवायचं. काही शर्यतींत तर तो पळेल की नाही हे कळायच्या कितीतरी आधी. पहिली फी थोडी असते. मग ठरावीक तारखांना पुढचे हप्ते भरत राहायचे, तर नाव यादीत राहतं. प्रत्येक हप्ता साधारण आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी शर्यतीत उतरायची फी, ती सगळ्यात मोठी. एक हप्ता चुकला की नाव गेलं. आधी भरलेले पैसे परत नाहीत, ते बक्षिसाच्या मडक्यात जमा.

एक साधं उदाहरण घेऊ, आकडे माझे. समजा ४०० शिंगरांची नावं नोंदली. पहिल्या तारखेला २०० गळाली, दुसऱ्या तारखेला आणखी १२०. शेवटी मैदानात उतरले १० घोडे. बक्षीस कुणाला? पहिल्या पाचांना. तिकडची नेहमीची वाटणी अशी आहे: पहिल्याला ५० टक्के, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १२, चौथ्याला ८, पाचव्याला ५. त्यातूनही साधारण पाच टक्के ड्रायव्हरला आणि पाच टक्के ट्रेनरला.

म्हणजे मडकं भरणारे चारशे आणि मडक्यातून खाणारे पाच.

आता सांगा, यात शहाणा मालक कोण? "सगळे हप्ते भरणारा" असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हटलं असतं. पण जुने मालक प्रत्येक हप्त्याच्या तारखेला एकच गोष्ट करतात. तबेल्यात जातात आणि घोड्याकडे बघतात. चाल टिकतेय का? पाय गरम लागतोय का? चारा खातोय का? उत्तर ठीक असेल तर हप्ता. नाहीतर तिथेच थांबायचं. आतापर्यंत किती भरले, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. ते पैसे घोडा पळाला तरी गेलेले आहेत आणि नाही पळाला तरी गेलेले आहेत.

एक चांगली सोय तिकडे आहे. पैशाच्या शर्यतीत उतरण्याआधी घोड्याला क्वालिफाइंग शर्यत द्यावी लागते. तिला बक्षीस नाही, तिच्यावर पैज नाही. ठरलेल्या वेळेत, चाल न मोडता मैल पूर्ण करायचा, बस्स. घोडा तयार आहे की नाही हे फुकटात कळतं. दुकानाला अशी क्वालिफाइंग शर्यत आपण देतो का? मी दिली नव्हती.

माझी बँकॉक ट्रिप

बीबीए झालं तेव्हा मला सगळं येतं असं वाटायचं. बाबांचं भांड्यांचं जुनं दुकान होतंच. मी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर वेगळं दुकान काढलं. मिक्सर, गीझर, पंखे, कुकर. पहिल्याच वर्षी एका कंपनीने डीलर स्कीम आणली. वर्षभरात १८ लाखांचा माल उचलला तर सोन्याचं नाणं, ३० लाखांवर एसी, ४५ लाखांवर जोडीने बँकॉक.

माझी विक्री महिन्याला अडीच-पावणेतीन लाख. म्हणजे ४५ लाख हे माझ्या दुकानाचं वजनच नव्हतं. पण दिवाळी चांगली गेली, १८ चा स्लॅब झाला. जानेवारीत ३० चा झाला. फेब्रुवारीअखेर मी ३३ लाखांवर होतो. सेल्समन रोज यायचा. "साहेब, एवढं केलंत, आता बारा लाखांसाठी सोडणार? जिल्ह्यात तुम्ही एकटेच नवीन डीलर आहात जे इथवर आलात."

"एवढं केलंत." या दोन शब्दांनी मी गेलो, मित्रांनो.

आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, सीसी लिमिट पूर्ण वापरलं आणि मार्चमध्ये बारा लाखांचा माल उतरवला. गोडाऊन कमी पडलं म्हणून घराच्या सोप्यात गीझरची खोकी रचली. बाबा खोकी बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पोरा, माल उचललास. विकलास कुठे?"

ट्रिप मिळाली. स्टेजवर हार घातला, फोटो काढला. तो फोटो बरीच वर्षं दुकानात लावलेला होता. बँकॉकच्या हॉटेलात नाश्ता करताना बँकेतून फोन आला, एक चेक परत गेलाय. बायको समोर बसलेली. मी "सगळं ठीक आहे" म्हटलं. ती काही बोलली नाही, पण तिला कळलं होतं.

मे महिन्यात कंपनीने मिक्सरचं नवीन मॉडेल आणलं. माझ्याकडे जुन्यासकट १४ लाखांचा माल पडून. तो सरासरी अठरा टक्के तोट्यात काढावा लागला, म्हणजे अडीच लाख गेले. वर व्याज. सगळं मिळून नुकसान तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास. ट्रिपची किंमत दोघांची मिळून नव्वद हजार. आईच्या पाटल्या सोडवायला दोन वर्षं लागली. आई कधी बोलली नाही, पण लग्नाकार्याला जाताना हातावर पदर ओढून घ्यायची. ते मला दिसायचं.

कंपनीने मला फसवलं नाही. स्कीमच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. त्यांना मार्चअखेर माल गोडाऊनबाहेर काढायचा होता, म्हणून बक्षीस मार्चच्या तोंडावर ठेवलं. ती त्यांची गरज. माझं दुकान अकरा महिन्यांचं होतं, म्हणजे आदत खोंड. मी त्याला ओपनच्या मैदानात जुंपलं. आणि प्रत्येक स्लॅबला मी दुकानाकडे बघायच्या ऐवजी आधीच्या बिलांच्या फायलीकडे बघत राहिलो.

बक्षीस ठेवणाऱ्याने हात काढला तर?

याचं उदाहरण त्या कॅनडातच आहे. ऑन्टारियो प्रांतात १९९८ पासून एक योजना होती. रेसट्रॅकवर स्लॉट मशीन बसवायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातला वाटा ट्रॅकला आणि घोडेमालकांच्या बक्षिसाला द्यायचा. बक्षिसं फुगली, पैदास वाढली. मार्च २०१२ मध्ये सरकारने जाहीर केलं की योजना बंद, आणि ३१ मार्च २०१३ ला ती बंद झाली.

आता तो तीन वर्षांचा हिशोब आठवा. २०११ च्या वसंतात ज्याने घोडी भरवली, त्याचं शिंगरू २०१२ मध्ये जन्मलं आणि शर्यतीला तयार होणार २०१४ मध्ये. घोडी भरवली तेव्हा बक्षीस होतं. शिंगरू उभं राहीपर्यंत बक्षिसाचा पायाच निघून गेला. चारा मात्र रोज लागतच होता. कित्येकांनी घोड्या विकल्या, कित्येक धंद्यातून बाहेर पडले. पुढे सरकारने वेगळ्या मार्गाने मदत केली, पण मधल्या काळात जे मोडले ते मोडलेच.

ज्याचं सगळं गणित दुसऱ्याच्या बक्षिसावर उभं आहे, त्याने हे लक्षात ठेवावं. स्कीमचा पैसा आला तर बोनस. तो पगार नाही.

मग लवकर पळायचंच नाही का?

पळायचं की! पण घोडा बघून. दोन घोड्यांची गोष्ट सांगतो.

पहिला समबीचसमव्हेअर. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतात ट्रुरो नावाचं छोटं गाव आहे. तिथे मोटारींच्या विक्रीच्या धंद्यातल्या ब्रेंट मॅकग्रा यांनी सहा जणांची भागीदारी करून २००६ साली एक शिंगरू ४०,००० डॉलरला घेतलं. कुणाही एकाच्या डोक्यावर सगळा बोजा नाही. दोन वर्षांचा असताना त्याला मोजून फक्त सहा शर्यती दिल्या. सहाही जिंकला. त्यात मोहॉकवरची दहा लाख डॉलरची 'मेट्रो पेस' होती, मैल १ मिनिट ५० सेकंदांच्या आत. पुढच्या वर्षी पंधरा शर्यती, त्यातली एकच हरला. एकूण २१ पैकी २० विजय आणि ३२ लाख डॉलरहून जास्त कमाई. म्हणजे लवकर पळून जिंकता येतं. फक्त घोडा तसा हवा, आणि हाताशी मोजणारा माणूस हवा.

दुसरा फॉइल्ड अगेन, जन्म २००४. दोन-तीन वर्षांचा असताना मोठ्या शर्यतींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो खच्ची केलेला घोडा होता, त्यामुळे लवकर नाव कमवून पैदाशीला लावायचा प्रश्नच नव्हता. करायचं काय? पळायचं. तो पळत राहिला. नवव्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याने 'ब्रीडर्स क्राउन' जिंकली. २०१८ च्या अखेरीस, चौदाव्या वर्षी, वयाच्या नियमामुळे थांबला तेव्हा त्याच्या नावावर १०९ विजय आणि ७६ लाख डॉलरच्या वर कमाई होती. निहिलेटर आणि समबीचसमव्हेअर, दोघांची मिळून जेवढी कमाई झाली, त्यापेक्षा जास्त.

आणि फ्रान्समध्ये बघा. तिथली सगळ्यात मानाची दुडकीची शर्यत 'प्री द'आमेरिक', १९२० साली सुरू झालेली, पॅरिसच्या व्हॅन्सेन ट्रॅकवर होणारी. तिच्यात चार वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच नाही. ओउराझी नावाच्या घोड्याने ती चार वेळा जिंकली: १९८६, १९८७, १९८८ आणि मग १९९० मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी. लोक त्याला 'आळशी राजा' म्हणायचे. अमेरिकेत त्याच वयाच्या नामांकित घोड्यांनी पळणं कधीच सोडलेलं होतं, ते पैदाशीच्या तबेल्यात होते. स्टँडर्डब्रेडचं रक्त फ्रेंच घोड्यांतही आहे. पण तिकडे मोठं बक्षीस मोठ्या वयापुढे ठेवलंय, म्हणून मालक थांबतात.

बक्षीस जिथे, धाव तिथे. हे घोड्यांचं झालं. तुम्ही तर मालक आहात, तुम्ही ठरवू शकता.

आता तुमचं काम

या महिन्यात कुठलीही स्कीम, टार्गेट, फ्रँचायझी किंवा दुसरी शाखा समोर आली, तर वहीत हे चार प्रश्न लिहा आणि उत्तरं पेनाने लिहा. मनातल्या मनात नको.

१. हे बक्षीस ठेवणाऱ्याची गरज काय आहे? आणि माझ्या दुकानाची गरज काय आहे? दोन्ही जुळतात का?

२. माझ्या दुकानाचे पाय तयार आहेत का? मागच्या तीन महिन्यांची विक्री बघा. माल किती उचलला हे बघू नका. उचललेला माल किती दिवसांत विकला गेला ते बघा.

३. आजवर एक रुपयाही गुंतवला नसता आणि आज पहिल्यांदाच हा हप्ता समोर आला असता, तर मी भरला असता का? उत्तर "नाही" असेल तर आजही नाही.

४. बक्षीस नाही मिळालं, तर हा माल, ही जागा, हे कर्ज मला झेपेल का? घरातल्या कुणाच्या हातातलं काही काढावं लागणार असेल, तर शर्यत तिथेच संपली.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. तो मला त्या मार्चमध्ये कुणी विचारला असता तर... जाऊ दे. बाबांनी विचारला होता. मीच उत्तर दिलं नाही.

तो बँकॉकचा फोटो मी तीन वर्षांपूर्वी दुकानातून काढला. त्या जागी आता एक साधा पांढरा फळा आहे. त्यावर दर शनिवारी एकच आकडा लिहितो: या आठवड्यात किती माल विकला. उचललेला माल लिहायचा नाही, असा नियम आहे. सेल्समन येतात, फळा बघतात, आणि स्कीमचा कागद बाहेर काढायच्या आधी जरा विचार करतात.

तुमच्या समोर सध्या कुठला स्लॅब आहे, ते खाली नक्की लिहा. रक्कम नाही लिहिली तरी चालेल. फक्त प्रश्न क्रमांक तीनचं उत्तर लिहा, "हो" किंवा "नाही". पुढच्या व्हिडिओत आपण उचललेला माल आणि विकलेला माल यांचं रजिस्टर कसं ठेवायचं ते प्रत्यक्ष करून बघू. वही घेऊन बसा.

भेटू शनिवारी. दुकानाकडे लक्ष द्या, आणि घरच्यांकडेही!